पायाखालची बीन

"काका, बीन निघंनाय बगा. आज सांजच्याला अहमदपूरला सुपारी हाय."

मागल्या लग्नसराईतली गोष्ट. नांदेडच्या इतवाऱ्याकडचा पोरगा, जेमतेम विशीतला. पहाटेची पहिली एसटी धरून लातूरला आला आणि मी कुलूप काढायच्या आधीच दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. टॉवेलात गुंडाळलेला डबा त्यानं टेबलावर ठेवला. आवाज बदलणारा झूम कंपनीचा प्रोसेसर, पुढं पायानं दाबायची पट्टी असलेला. असले डबे बनतात गिटारवाल्यांसाठी. आमच्याकडं ते बँजोवाल्यांच्या पायाखाली असतात. गुलाल, अक्षतांचे तांदूळ आणि भर उन्हात नाचणाऱ्यांचा घाम, हे सगळं त्या बटणांच्या फटींत जातं आणि मग डबा माझ्याकडं येतो.

डबा लावून बघितला. बिघाड काहीच नव्हता. कुणीतरी बटणं दाबत बसलं होतं आणि सगळं कंपनीतून आलं तसं कोरं झालं होतं. पोराच्या उस्तादानं भरून दिलेले टोन पुसले गेले होते, त्यात बीनही गेली.

"खरी बीन ऐकलीस का रे कधी?" मी विचारलं.

"हाव की. रोजच ऐकतो. वरातीत."

मी हसलो नाही, कारण त्याचं खरं होतं. नांदेड-लातूरकडं विशीच्या आतल्या कुणालाही विचारा, बीन म्हणजे वरातीत वाजते ती. गारुड्याच्या तोंडातली भोपळ्याची पुंगी त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ऐकलेली असते. त्या पुंगीपासून या डब्यापर्यंत सूर कसा कसा आला, ते माझ्या डोळ्यांदेखत आणि थोडंफार माझ्या हातून घडलंय. आमचं सगळं घरच त्या वाटेवर होतं म्हणा.

आजोबा सनई वाजवायचे. गावकीचं वाजवणं. लग्न कुणाचंही असो, त्यांची जागा मांडवाच्या बाहेर, गोठ्याच्या कडेला. जेवण सगळ्यांचं झाल्यावर. रोख पैसा क्वचित. सुगीला धान्य मिळायचं, तेही देणाऱ्याच्या मर्जीनं. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही, ही त्यांची विद्या. गारुड्याची पुंगीही तशीच वाजते. भोपळ्यात दोन नळ्या मेणानं बसवलेल्या, दोन्हींत बोरूच्या पात्या. एका नळीवर बोटं फिरतात, दुसरी एकच सूर धरून राहते. भोपळ्यात हवा कोंडलेली, त्यामुळं आवाजात कुठं फट नाही. एका सुरातून दुसऱ्यात सरकत जायचं.

मी ती पहिल्यांदा ऐकली माळेगावच्या जत्रेत. लोहा तालुक्यातलं खंडोबाचं माळेगाव. मार्गशीर्षातली जत्रा, घोडे-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड. आजोबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. गारुडी वाजवत होता आणि साप डुलत होता. आजोबा म्हणाले, "त्याला कुठं ऐकू येतंय, ते भोपळ्याकडं बगतंय." शिकलेले नव्हते, पण ते बरंचसं बरोबर होतं. सापाला बाहेरचे कान नसतात, तो हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवतो. पुढं १९७२ चा वन्यजीव कायदा आला, साप बाळगणं गुन्हा झालं. हळूहळू गारुडी दिसेनासे झाले आणि पुंगीही गेली. सापाचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ आवाज गावातून उठला आणि नकलेला रान मोकळं झालं, हेही तितकंच खरं.

नक्कल तोवर केव्हाच पोचली होती. १९५४ साली 'नागिन' आला. संगीत हेमंतकुमारांचं, त्यासाठी त्यांना फिल्मफेअरही मिळालं. त्यातल्या बिनेच्या धुनेनं सगळा देश डुलला. पण त्या धुनेत गारुड्याची बीन नव्हती. कल्याणजी वीरजी शहा, पुढं कल्याणजी-आनंदजी म्हणून नावारूपाला आलेल्या जोडीतले थोरले, यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. जोडीला हार्मोनियम होती, ती रवींनी वाजवली. हे रवी तेव्हा हेमंतकुमारांचे साहाय्यक होते, नंतर स्वतः मोठे संगीतकार झाले.

क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्तां मार्तां या फ्रेंच माणसानं १९४७ मध्ये बनवलेलं विजेचं वाद्य. तीन सप्तकांची पट्टी, आत व्हॉल्व्ह, आवाज कमी-जास्त करायला गुडघ्यानं ढकलायचा दांडा. मी ते यंत्र हातात घेतलेलं नाही, पण त्याचं काम कळतं, आणि त्यातून बीन का निघाली हेही कळतं. एका वेळी त्यात एकच सूर वाजतो. पियानोसारखा तो विझत जात नाही. पट्टी दाबून आहे तोवर सलग राहतो. एकावरून दुसऱ्यावर बोट टाकलं की मधे श्वासाची जागा पडत नाही. वरून व्हॉल्व्हचा तो नाकातला, चिरका आवाज. पुंगीत भोपळा जे करतो तेच इथं वीज करते. दुसऱ्या नळीचा धरलेला सूर तेवढा राहिला, तो हार्मोनियमनं दिला. पुढं १९६२ मध्ये इंग्लंडच्या टॉर्नेडोज या बँडनं 'टेलस्टार' नावाची धून काढली, त्यात असल्याच यंत्रानं उपग्रहाचा आवाज केला. आपल्याकडं आठ वर्षं आधीच त्यानं नाग उठवला होता. हे सांगताना माझी छाती थोडी फुगते, माफ करा.

'नागिन' आला तेव्हा मामा नांदेडच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. आपण तेव्हा हैदराबाद संस्थानातून सुटून सहा वर्षं झालेली. मामाकडं फौजेसारखा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके आणि पायांत टायरच्या चपला. सिनेमा लागला आणि चार दिवसांत वराती अडायला लागल्या. नवरदेवाचे मित्र घोड्यापुढं आडवे पडायचे, तोंडात रुमालाचं टोक धरायचे, दुसरं टोक दुसऱ्यानं फुंकायचं. बीन वाजल्याशिवाय कुणी उठायचं नाही. क्लॅरिनेटवर बोटं भोकांवरून पूर्ण न उचलता नुसती सरकवायची, ओठ सैल सोडायचे, म्हणजे सूर घसरत वर जातो. मामा सांगायचा, "ती धून बसवाय मला एक महिना लागला आन् मग जन्मभर तीच वाजवावी लागली."

बघा, साखळी इथंच सुरू झाली होती. मामा गारुड्याची नक्कल करत नव्हता. तो कल्याणजींच्या यंत्राची नक्कल करत होता.

वडलांनी सनई हातात घेतली नाही. बाबासाहेबांचं ऐकून गावकीची कामं सोडलेल्या पिढीतले ते. लातूरच्या आडत लाइनीत त्यांनी हमाली केली आणि मला शिकवलं. घरात वाद्याचं नाव निघालं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. म्हणून मी बँजो घरी आणला तेव्हा मार खायची तयारी ठेवली होती. वडलांनी तो उलटापालटा केला, बटणं दाबून बघितली आणि विचारलं, "हे कुणाचं वाजवायचं हाय?" मी म्हटलं, कुणाचंच नाही, जपानचं आहे. "मग वाजीव," म्हणाले.

मला वाटतं, मराठवाड्यात बँजो इतका पसरला त्याचं मोठं कारण त्या प्रश्नात आहे. हलगी कुणी वाजवायची, संबळ कुणी, सनई कुणी, हे गावानं ठरवून ठेवलं होतं. बँजोला जात चिकटलेली नव्हती. नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तो बनवला, टाइपरायटरची बटणं बघून. तिकडं तेव्हा नुकतंच ताइशो पर्व लागलं होतं, म्हणून नाव ताइशोगोतो. आपल्याकडं आल्यावर कुणी बुलबुल तरंग म्हटलं, बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात, आणि आम्ही बँजो. अमेरिकेतल्या गोल बँजोशी नावापलीकडं त्याचा काही संबंध नाही. लाकडी फळीवर पोलादी तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण, उजव्या हातानं नखी. गुरूच्या पायाशी बारा वर्षं बसावं लागत नाही. ओळखीचं गाणं आठवड्यात निघतं. भीमजयंती असो, अण्णाभाऊंची जयंती असो की गणपती, पोरांनी वर्गणी काढायची, एक बँजो, दोन ताशे, एक ढोल घ्यायचा आणि पार्टी उभी करायची.

पण लाकडी बँजोचा आवाज असतो खोलीभर. रस्त्यावर ताशापुढं तो डासाएवढा. तिथं माझ्या धंद्याला सुरुवात झाली.

१९८० मध्ये मी आयटीआयचा रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केला. दोन वर्षांनी लातूर जिल्हा झाला, सरकारी कचेऱ्या आल्या, गंजगोलाईभोवतीची दुकानं वाढली आणि दुरुस्तीचं कामही वाढलं. बँजोला आवाज द्यायला मी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधली कॉइल आणि चुंबक काढून तारांखाली बसवायचो. पोलादी तार चुंबकापुढं थरथरली की कॉइलमध्ये बारीकसा करंट येतो. गिटारच्या पिकअपचंही गणित तेच. तिथून वायर अहुजाच्या अँपला, अँपमधून भोंग्याला. सगळं हातगाड्यावर, खाली ट्रकची बॅटरी. तारा मिरजेहून यायच्या, ट्रान्झिस्टर हैदराबादच्या कोठीतल्या गुजराती गल्लीतून. मिरजेची वाट म्हणजे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी. ती लातूरला १९११ मध्ये आली आणि मिरजेपर्यंत १९२७ मध्ये जोडली गेली. पुढं २०१६ च्या दुष्काळात रुंद रुळांवरून त्याच मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मला आधी आठवल्या तारांच्या गुंडाळ्या.

भोंगा कधी गोड वाजत नाही. अँपचं बटण पूर्ण फिरवलं की आवाज फाटतो. मी तो फाटका आवाज काढायला शिकलेला माणूस, म्हणजे घालवायला शिकलेला. आणि बँजोवाले मला सांगायचे, "राहू द्या की, तसंच ठिवा. जरा बिनंसारखं वाटलालंय."

तेव्हा मला माहीत नव्हतं की अमेरिकेतही असंच घडलं होतं. नॅशव्हिल गावात १९६१ च्या सुमारास मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि गिटारचा सोलो घरघरत, फाटत रेकॉर्ड झाला. फेकून द्यायचा आवाज. पण तो लोकांना आवडला, आणि तसाच बिघाड मुद्दाम करणारं सर्किट तिथल्या इंजिनिअरनं बनवलं. गिब्सन कंपनीनं १९६२ मध्ये ते माएस्ट्रो फझ-टोन नावानं बाजारात आणलं. तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, दीड-दीड व्होल्टचे दोन सेल, पायानं दाबायचं बटण. गिटारवाल्यांच्या पायाखालच्या सगळ्या फझ डब्यांचा हा पूर्वज. कंपनीनं जाहिरात काय केली? तुमची गिटार आता ट्रम्पेटसारखी वाजेल, ट्युबासारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं १९६५ मध्ये 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात तो डबा वापरला तोही पितळी वाद्यांची जागा राखून ठेवण्यापुरता; नंतर तिथं खरे ट्रम्पेटवाले बसवायचे होते. ते राहून गेलं, नक्कलच छापली गेली आणि जगप्रसिद्ध झाली.

म्हणजे पायाखालचा हा डबा जन्मला तोच फुंकायच्या वाद्याची नक्कल करायला. मामा हे ऐकायला हवा होता.

मीही एक डबा बनवला. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात सर्किट आलं होतं. दोन ट्रान्झिस्टर, साबणाच्या पत्र्याच्या डबीत बसवले, वर घंटीचं बटण. एका जयंतीच्या मिरवणुकीत गांधी चौकात तो पहिल्यांदा दाबला. पुढं नाचणारा एक आजा थांबला, कान झाकून म्हणाला, "बीन वाजवलालाव का मांजर कोंडलालाव?" सगळी मिरवणूक हसली. चूक माझी होती. बँजोच्या मुख्य तारांच्या बाजूला सूर धरणाऱ्या तारा असतात. हाताला गोड लागतात, पण फझमध्ये दोन-तीन सूर एकदम गेले की त्यांची भांडणं लागतात आणि तिसराच कर्कश सूर उठतो. दुसऱ्या दिवशी मी त्या तारा पकडीनं कापून टाकल्या. सूर एकटा पडला आणि डबीतून बीन निघाली. वाद्यातली दुसरी नळी गेली, असं आजोबा म्हणाले असते. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या डबीवर आमच्या पार्टीनं बरीच वर्षं खाल्लं. १९९३ च्या विसर्जनालाही ती होती. रात्री उशिरापर्यंत वाजवलं, हातगाडा लोटत आणला, दुकानाच्या दारात तसाच ठेवून झोपलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचं नाव कळायला उजाडावं लागलं. आमच्या ताशेवाल्याची सासुरवाडी त्या भागात होती. त्या साली आम्ही सुपारी घेतली नाही, कुणी दिलीही नाही. गाड्यावर ताडपत्री टाकली ती पुढल्या उन्हाळ्यातच काढली.

काढली तेव्हा बाजार बदललेला होता. ऑर्केस्ट्रा जोरात होते आणि त्यांच्याकडं कॅसिओ आला होता. आमच्याकडं कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, नाव कॅसिओच. त्या कंपनीनं पहिला कॅसिओटोन १९८० मध्ये काढला. रोलँडचा ऑक्टापॅड १९८५ चा. त्याला आम्ही नुसतं पॅड म्हणतो आणि त्यानं ढोलकी, तबला, हलगी सगळं एका स्टँडवर आणलं. एक कीबोर्डवाला बसला की सनई, बासरी, व्हायोलिन, बीन, सगळं तोच. डाव्या हाताशी चाक असतं, ते फिरवलं की सूर घसरत वर जातो. मामाला एक महिना लागलेली गोष्ट पोरगं पहिल्या दिवशी करतं. मुंबईत तर चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवून एचएमव्हीची तबकडी काढली होती. ते मुळात सिनेमातले गिटारवादक. तेव्हा ती तबकडी कुणी विचारली नाही; २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली आणि लोक म्हणायला लागले, अरे, ॲसिड हाउस म्हणतात ते हेच. लातूरला ती त्या काळी पोचली असती तर बँजोवाल्यांनी एका ऐकण्यात ओळखली असती.

कीबोर्ड आला आणि कानाचं माप बदललं. आता वरातीतल्या लोकांना बीन हवी ती कीबोर्डच्या टोनसारखी. गुळगुळीत, मागं जरा घुमणारी, चाकानं घसरणारी. बँजोवाल्याची पंचाईत. रस्त्यावर चालता चालता कीबोर्ड वाजवता येत नाही. बँजो गळ्यात अडकवता येतो, गाड्यावरही ठेवता येतो. पण बँजोला मींड नाही. बटण दाबलं की तो ठरलेला सूर, मधलं काही नाही. शिवाय नखीचा टणत्कार. सिंथेसायझरसारखं वाजवायचं तर हे दोन्ही लपवावं लागतं.

हेच गाऱ्हाणं जगभरच्या गिटारवाल्यांचं होतं. रोलँडनं १९७७ मध्ये गिटार सिंथेसायझर काढला, जीआर-५००. त्याला गिटारही खास लागायची आणि प्रत्येक तारेचा आवाज वेगळा उचलणारा पिकअप. साध्या गिटारवर चालेल असा स्वस्त मार्ग इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या मायक्रो सिंथेसायझरनं त्याच दशकाच्या शेवटी दाखवला. त्यातली युक्ती मला फार आवडते. तारेची लाट आधी छाटून चौकोनी करायची. मग ती एका फ्लिपफ्लॉपला द्यायची. हे सर्किट दाराच्या कडीसारखं आहे: एका धक्क्याला उघडतं, पुढच्या धक्क्याला लागतं. दोन धक्क्यांत एक फेरी, म्हणजे कंपनं निम्मी, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली. मग नखीचा पहिला ठोका दाबून आवाज हळू फुगवायचा आणि फिल्टर उघडत न्यायचा. तार छेडली हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. पुढं रोलँडच्याच बॉसनं २०१५ मध्ये एसवाय-३०० काढला, साधी वायर लावा आणि वाजवा. २०१९ मध्ये तळहाताएवढा एसवाय-१. आमच्याकडच्या पार्ट्यांना ते परवडत नाहीत. आमचं दैवत झूम. नव्वदच्या दशकातला ५०५ हा डबा नऊ व्होल्टच्या सेलवर चालायचा, आणि लोडशेडिंगच्या मुलखात याहून मोठा गुण कोणता?

मधे डीजे आला. चार-चार बॉक्स, छाती फोडणारा. पुष्कळ बँजो माळ्यावर गेले. आवाजाच्या बंधनाचे नियम २००० चे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००५ चा, पण त्याचा धाक गावोगाव बसायला वेळ लागला. जिथं बसला तिथं बँजो पुन्हा खाली उतरला. २०१६ मध्ये रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमाही केला, नायक आमच्या बाभळगावचे रितेश देशमुख. सिनेमा मुंबईच्या पोरांवरचा आहे, इकडचा नाही. तरी बघायला गेलो. पायाखालचा डबा पडद्यावर दिसतो का, तेवढंच शोधत बसलो होतो.

एक सांगतो, राग मानू नका. पुण्या-मुंबईकडचे संगीतातले लोक बँजोला नाकं मुरडतात. नक्कलबाज वाद्य म्हणतात. पण वरातीत अस्सल मागतो कोण? कलावंताला नक्कल करायला लावायची, त्यानं ती चोख केली की म्हणायचं, ही नक्कल आहे. मामाला पन्नास वर्षं हेच ऐकवलं गेलं. ज्यांच्या आज्यांना मांडवाबाहेर बसवलं त्या घरांतली पोरं आज मांडवाच्या पुढं, मिरवणुकीच्या मधोमध उभी राहून वाजवतात, बयाणा आधी मोजून घेतात. ते ज्या वाद्यानं झालं त्याला हलकं म्हणणाऱ्याशी माझं जमत नाही.

तर, अहमदपूरची सुपारी. दुपारचे बारा वाजत आलेले. पोराला टोनचे आकडे आठवत नव्हते. त्याचा उस्ताद परगावी, फोन बंद. म्हटलं, बीन मीच बांधतो. पहिल्यांदा मनात आली माळेगावची. थोडा फझ, वाव पेडल अर्ध्यावर अडकवून नाकातला आवाज, नखीचा ठोका पूर्ण बंद, आणि दुसऱ्या नळीसाठी खाली एकच सूर धरून ठेवला. मी डोळे मिटून ऐकलं. आजोबांच्या खांद्यावरून ऐकली होती ती हीच. कापलेली तार परत लावल्यासारखं वाटलं.

पोरगा तोंड वाकडं करून बसला होता. "ही बीन नव्हं काका. काय तरी गारुड्यागत वाजलालंय."

मी खालचा सूर काढला. कॉम्प्रेसर लावला, फझ गुळगुळीत केला, मागं घुमारा टाकला आणि पुढच्या पट्टीवर सूर दोन स्वर सरकेल असं बसवलं. पट्टी दाबली की कीबोर्डचं चाक फिरवल्यासारखा सूर वर चढायचा. पोरानं दोन ओळी वाजवल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्याच खांदे हलवायला लागला.

"हीच बगा. हीच खरी."

आकडे मी पुठ्ठ्यावर लिहून डब्याच्या बुडाला चिकटवले, वरून पारदर्शक टेप मारला. दोनशे रुपये घेतले. तो गेल्यावर पहिली बीनही एका जागेवर भरून ठेवायची राहून गेली हे लक्षात आलं. तिचे आकडे मी लिहिले नव्हते.